बटाटा बंद आहे

जूनमध्ये शाळा सुटते म्हणतात.
सुटतात ती मुलं.
मी आठवड्याभरात परत येऊन
डेल्बर्टकडे किल्ली मागते.

डेल्बर्टनं वर्गाच्या फरशीला मेण लावलंय.
"तीन दिवस आत पाय ठेवायचा नाही,"
असं म्हणतो, जसं काही आत देव झोपलेत.
मी दारात, बूट हातात घेऊन.
आत बावीस खुर्च्या एकमेकींच्या डोक्यावर पाय देऊन
गप्प.
वर्षभरात एवढ्या गप्प कधीच नव्हत्या.

मग मी व्हरांड्यात बसून टेनिसचे चेंडू कापते,
खुर्च्यांच्या पायांत घालायला.
आमच्या गावात टेनिस कुणीच खेळत नाही,
तरी चेंडू निघाले शहाऐंशी,
कुणाच्या गॅरेजमधून, कुणाच्या कुत्र्याच्या तोंडून.
लागतात अठ्ठ्याऐंशी.
म्हणजे एक खुर्ची वर्षभर लंगडणार,
आणि तिच्यावर बसून कोण झुलणार
तेही मला आत्ताच दिसतंय.

"तुमची बाई मजा! तीन महिने सुट्टी!"
हार्डवेअरच्या दुकानाबाहेर बसलेला मर्ल
हे मला सतरा वर्षं सांगतोय.
आत गल्ल्यावर त्याचा नातू कर्टिस.
हातच्याची वजाबाकी त्याला मीच शिकवली.
सुटे पैसे मी मोजून घेते.

गुरुवारी गावाचं चार पानी वर्तमानपत्र येतं.
या आठवड्याची मुख्य बातमी:
बँकेत बकरी शिरली.
खातं नसल्यामुळे बाहेर काढण्यात आली.

जुलैत अर्लीन म्हणाली, चल, कुठेतरी जाऊ.
अर्लीन चौथीला शिकवते, तिच्या गाडीला एसी आहे.
चाळीस मैल, दोन्ही बाजूंना मका,
आणि मका संपला की पुन्हा मका.
शेवटी तो दिसला: सिमेंटचा बटाटा,
दोन मजली, पोटात जिना.
खिडकीतला माणूस सँडविच खात म्हणाला,
"बटाटा बंद आहे. एकनंतर या."
अख्खा बटाटा समोर, उन्हात, आभाळाएवढा,
आणि बंद.
आम्ही त्याच्याच सावलीत डबा उघडला.
"शेवटच्या तासाला आपली पोरं अशीच असतात," अर्लीन म्हणाली,
"समोर आहेत. पण बंद."
एवढी हसलो की लोणच्याची बरणी सांडली.

ऑगस्टमध्ये यादी आली.
एकवीस नावं. वीस ओळखीची:
कुणाचा भाऊ, कुणाची बहीण,
एकाचा तर बापच माझ्या पहिल्या वर्गातला.
एकविसावं: न्यामाल गाटलुआक.
वडील मांसाच्या कारखान्यात, मार्चपासून.
मी गाडी चालवताना ते नाव घोकत राहिले.
मक्याला म्हणून दाखवलं, गाईंना म्हणून दाखवलं.
कुणी हरकत घेतली नाही.

जिल्ह्याच्या जत्रेत, लिंबू सरबताच्या रांगेत
ऑफिसातल्या बाईंनी बोट दाखवलं: ती बघा, तुमची.
पिवळे सँडल, एक दात पडलेला.
मी वाकून, नीट सावकाश, नाव घेतलं.
तिनं मान हलवली. नाही.
पुन्हा घेतलं. नाही.
"नि-या नाही," ती म्हणाली. "न्या. एकदम."
आणि सरबताच्या टेबलावर
दोन टाळ्या वाजवून नाव फोडून दाखवलं,
अगदी मी फोडून दाखवते तसं.
तिसऱ्यांदा मी म्हटलं.
तिनं थोडा विचार केला.
"जवळ आलात."
माझंच वाक्य.
ते ऐकून घ्यायला कसं वाटतं
हे मला सतरा वर्षांत माहीत नव्हतं.

घरी येऊन तिच्या नावाची पाटी लिहिली,
प्लास्टिकमध्ये घातली; 'ल'खाली हवेचा एक बुडबुडा अडकला.
तो तसाच राहू दिला.

फरशी वाळली आहे.
लंगडी खुर्ची मी माझ्या टेबलामागे ओढली,
बसून पाहिलं. झुलते.
वाईट नाही.
दारातून डेल्बर्ट ओरडला,
"पाय पुसलेत का?"